रॉबर्ट बुन्सेन व आयोडिनचा निळा रंग

शाळेच्या प्रयोगशाळेतील बुन्सेनचा दिवा प्रत्येक विद्यार्थ्याच्या परिचयाचा असतो; परंतु द्रावातील गंधकयुक्त क्षार मोजण्याची जी रीत बुन्सेन ह्यांनी रूढ केली, ती फार थोड्यांस ठाऊक असते. निरगुडसरच्या आसमंतात ऊस पिकतो, म्हणून ती आपल्या विशेष जिव्हाळ्याची वाटावी. गूळ उजळ दिसावा म्हणून कित्येक गुऱ्हाळांत हायड्रॉस नावाची पूड घालतात. तिच्यापासून होणारे सल्फाइट गुळात किती उरले, हे डोळ्यांनी किंवा जिभेने कळत नाही.

रॉबर्ट बुन्सेन ह्यांचा जन्म जर्मनीतील ग्योटिंगेन येथे इ. स. १८११ च्या मार्च महिन्यात झाला. वडील तेथेच प्राध्यापक होते. वयाची विशी गाठते न गाठते तोच त्यांनी डॉक्टरची पदवी मिळविली. पुढे सोमलाच्या काकोडिल नामक विषारी संयुगांवर काम करीत असता काचपात्राचा स्फोट झाला. उजव्या डोळ्याची दृष्टी कायमची गेली आणि विषबाधेने प्राणही जाण्याची वेळ आली. तथापि ते संशोधन त्यांनी सोडले नाही.

इ. स. १८५२ मध्ये ते हायडेलबर्ग येथे अध्यापक झाले व पुढल्याच वर्षी त्यांनी आपली मापनपद्धती प्रसिद्ध केली. आयोडिनचा उपयोग सर्वस्वी नवा नव्हता. लिऑनच्या द्युपास्किए ह्यांनी १८४० साली खनिज झऱ्यांतील गंधक त्यानेच मोजला होता. बुन्सेन ह्यांनी त्यास व्यापक शास्त्रीय रूप दिले. सल्फाइटच्या द्रावात थोडी पिष्टाची खळ मिसळून ठराविक तीव्रतेचा आयोडिन थेंबथेंब सोडावा. सल्फाइटचे सल्फेट होते व आयोडिनचा रंग लोपतो. सल्फाइट संपले की पुढचाच थेंब खळीस निळा रंग देतो. तेथे थांबावे, किती आयोडिन खर्च झाला त्यावरून हिशेब होतो. एका डोळ्याने अधू झालेल्या माणसाने रंगाच्या पहिल्या छटेवर एवढा भरवसा ठेवावा, ह्याचे नवल वाटते.

ह्या रीतीतील उणीवही त्यांनी दडविली नाही. सल्फ्युरस आम्लाचा द्राव दाट असल्यास क्रिया उलटू पाहते व हिशेब चुकतो. म्हणून दहा हजार भागांत ते चार-पाच भागांहून अधिक नसावे, असा दंडक त्यांनी घातला. शिवाय हवेतील प्राणवायूने तो द्राव दिवसागणिक क्षीण होई, म्हणून त्याची तीव्रता पुनःपुन्हा तपासावी लागे. त्याच वर्षी श्वार्त्स ह्यांनी त्याऐवजी अधिक टिकाऊ सोडियम थायोसल्फेट सुचविले. छायाचित्रकारांचा हायपो तो हाच.

१८५५ च्या सुमारास देसागा नामक कारागिराच्या साहाय्याने तो प्रसिद्ध दिवा तयार झाला. बुन्सेन ह्यांनी त्याचे पेटंट घेतले नाही. त्याच ज्योतीच्या प्रकाशाचे पृथक्करण करून त्यांनी व किर्खोफ ह्यांनी १८६० मध्ये सीझियम व १८६१ मध्ये रुबिडियम ही मूलद्रव्ये शोधली. ते आजन्म अविवाहित राहिले. १८८९ साली अध्यापनातून निवृत्त झाल्यावर भूगर्भशास्त्राचा जुना छंद त्यांनी पुन्हा धरला, व १६ ऑगस्ट १८९९ रोजी हायडेलबर्ग येथेच त्यांचे देहावसान झाले.