डॉ. शांतिस्वरूप भटनागर आणि तेलविहिरीचा चिखल

पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवताना तुम्ही घरी पाहिले असेल. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि पाण्यात तरंगत राहतात. तुरटीतील अ‍ॅल्युमिनियमचे धन आयन या कणांच्या पृष्ठभागाला चिकटले की ही ओढाताण संपते आणि कण एकत्र येऊन तळाशी बसतात. खारट पाणीही असाच परिणाम करते. घरात उपयोगी पडणारी ही गोष्ट एका तेल कंपनीला मात्र फार महागात पडत होती.

तिची सुटका केली डॉ. शांतिस्वरूप भटनागर यांनी. त्यांचा जन्म २१ फेब्रुवारी १८९४ रोजी पंजाबातील भेरा येथे (आता पाकिस्तानात) झाला. ते आठ महिन्यांचे असतानाच वडील वारले. आजोळी, इंजिनिअर असलेल्या आजोबांकडे ते वाढले. १९२१ मध्ये लंडनची डी.एस्सी. मिळवून ते परतले, बनारसला प्राध्यापक झाले आणि १९२४ मध्ये लाहोरच्या पंजाब विद्यापीठात गेले. (बनारस हिंदू विद्यापीठाचे कुलगीत याच रसायनशास्त्रज्ञाने लिहिले आहे!)

रावळपिंडीजवळ अ‍ॅटॉक ऑइल कंपनी तेलासाठी विहिरी खोदत होती. खोदताना विहिरीत पातळ चिखल सोडावा लागतो. जमिनीतले क्षार त्यात मिसळले की तो घट्ट होऊन बसे व काम ठप्प होई. यंत्रे बदलण्याचा हा प्रश्नच नव्हता. तो मातीच्या कणांच्या पृष्ठभागाचा होता, हे भटनागरांनी ओळखले. त्यांनी चिखलात आपल्याकडचा डिंक मिसळायला सांगितले. डिंकाचा थर कणांवर बसतो, मग क्षार असूनही ते एकमेकांना चिकटत नाहीत आणि चिखल पातळच राहतो.

खूश होऊन कंपनीने संशोधनासाठी दीड लाख रुपये देऊ केले. त्या काळी ही रक्कम केवढी, हे आजी-आजोबांना विचारा. भटनागरांनी त्यातले स्वतःसाठी काही ठेवले नाही. सर्व पैसा विद्यापीठातील पेट्रोलियम संशोधनाकडे वळवला. त्यातून तरुण संशोधकांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. घरच्या परिस्थितीमुळे ज्यांना स्वतःला शिष्यवृत्तीच्या आधाराने शिकावे लागले, त्यांनी हे केले.

१९४२ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद स्थापन झाली व तिची धुरा त्यांच्याकडे आली. १ जानेवारी १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. परिषदेची पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा त्यांच्याच कारकिर्दीत, ३ जानेवारी १९५० रोजी सुरू झाली. सहलीला पुण्यास गेलात तर पाषाण भागात ती दिसेल.