हाफकिन आणि ती बाटली

१९९४ ला सुरतेत प्लेग पसरला नि घाबरलेले आपले खान्देशी ताप्ती लाईनने जळगाव-धुळ्याकडे परतले, हे मी घरी ऐकलेलं. म्हणून प्लेगची लस कोणी काढली ते लायब्ररीत शोधलं. सापडले वॉल्डेमार हाफकिन! जन्म १८६०, ओडेसा. मुंबईत लस बनवून १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःलाच टोचून घेतली. १९०२ मध्ये पंजाबात मुल्कोवालला एकाच बाटलीतली लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिनवर. खरं तर चिमटा जमिनीवर पडला होता, त्यानेच बूच काढलेलं. निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. १९३० ला ते गेले.

सुरतेच्या जंतूची ओळख पुढे डीएनएच्या ठशांवरून पटली. हाफकिनना असा पुरावा कुठला मिळणार? दोस्तांनो, ठपका ठेवायला मिनिट लागतं, पुसायला पाच वर्षं!