डॉ. किंग युद्धाविरुद्ध का बोलले, आणि आधी गप्प का होते

आपल्या तरुणांपैकी कुणी परदेशातल्या युद्धाविरुद्ध फलक हातात घेतला की पहिला प्रश्न घरातूनच येतो. शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, नोकऱ्यांचा अनुशेष तसाच पडून आहे, गावोगावी अत्याचार चालू आहेत, आणि तुला तिकडचे काय पडले आहे? विचारणारे आपलेच असतात आणि त्यांची काळजी खरी असते. म्हणून आम्ही हा प्रश्न हसण्यावारी नेत नाही.

हाच प्रश्न १९६७ साली अमेरिकेत डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांना विचारला गेला. त्यांच्याबाबत तर युद्ध त्यांच्याच देशाने चालवलेले होते. तरीही नागरी हक्कांच्या चळवळीतले त्यांचे सोबती म्हणत होते की व्हिएतनाम हा आपला विषय नाही. किंग यांना याचे उत्तर सापडायला वेळ लागला. तो वेळ का लागला, ते आम्हाला त्यांच्या भाषणांपेक्षाही जास्त शिकण्यासारखे वाटते.

किंग यांचा जन्म १५ जानेवारी १९२९ चा, जॉर्जिया राज्यातल्या अटलांटा शहरातला. वडील बाप्टिस्ट चर्चचे धर्मोपदेशक. मोअरहाउस कॉलेजातून त्यांनी समाजशास्त्राची पदवी घेतली (आमचाही विषय तोच, म्हणून हे लक्षात राहिले), पुढे धर्मशास्त्र शिकले आणि १९५५ मध्ये बोस्टन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मॉन्टगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार घातला. तो ३८१ दिवस चालला आणि सव्वीस वर्षांचे किंग देशाला ठाऊक झाले. १९६३ चा वॉशिंग्टनचा अडीच लाखांचा मोर्चा, १९६४ चे नोबेल शांतता पारितोषिक, हे सगळे आपल्या वाचकांना माहीत आहे. शाळेच्या पुस्तकातले किंग साधारण इथेच थांबतात.

१९५९ साली ते भारतातही येऊन गेले. केरळमधल्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी मुलांना त्यांची ओळख अमेरिकेतले एक अस्पृश्य अशी करून दिली. आधी त्यांना धक्का बसला, थोडा रागही आला. मग आपल्या देशातल्या दोन कोटी कृष्णवर्णीयांचे जगणे डोळ्यांसमोर आले आणि ही ओळख त्यांनी मान्य केली. १९६५ च्या एका प्रवचनात त्यांनी स्वतः हे सांगितले आहे. तो दौरा गांधी स्मारक निधीच्या निमंत्रणावरचा, गांधीवाद्यांनी आखलेला होता. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन तेव्हा सव्वादोन वर्षे झाली होती, पण बाबासाहेबांच्या भारताशी त्यांची खरी गाठ पडली असे दिसत नाही. ही हळहळ आमची आहे. विषय तो नाही.

विषय व्हिएतनामचा. मार्च १९६५ मध्ये अमेरिकेचे सैनिक दानांगच्या किनाऱ्यावर उतरले. वर्ष संपेपर्यंत तिथे त्यांची संख्या पावणेदोन लाखांच्या पुढे गेली होती, आणि उत्तर व्हिएतनामवर बॉम्बफेक चालू होती. किंग यांना हे युद्ध चुकीचे वाटत होते. ऑगस्ट १९६५ मध्ये त्यांनी बॉम्बफेक थांबवून वाटाघाटी करा असे जाहीरपणे सांगितले. लगेच टीका सुरू झाली. एका सिनेटरने तर परराष्ट्र धोरणावर बोलायला यांची पात्रता काय, असा सूर लावला. त्यांच्या स्वतःच्या संघटनेतल्या लोकांनीही हात आखडता घ्यायला सांगितले. किंग मागे सरले. पुढचे जवळजवळ दीड वर्ष ते एखाद्या प्रवचनात किंवा पत्रकारांसमोर बोलत, पण या प्रश्नावर मोहीम उभारत नव्हते.

ते घाबरले होते, असे म्हणून भागणार नाही. तुरुंग, दगड, घरावर टाकलेला बॉम्ब हे सगळे त्यांनी आधीच पाहिले होते. अडचण वेगळी होती. युद्ध चालवणारे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन हेच त्यांच्या समाजाला कायदे देणारे राष्ट्राध्यक्ष होते. जुलै १९६४ चा नागरी हक्क कायदा जॉन्सन यांच्या सहीचा. ६ ऑगस्ट १९६५ चा मतदान हक्क कायदाही त्यांच्याच सहीचा, म्हणजे किंग व्हिएतनामवर बोलले त्याच महिन्यातला. गरिबीविरुद्धच्या योजनाही याच सरकारच्या. शंभर वर्षांत जे मिळाले नव्हते ते ज्या हाताने मिळाले, त्या हाताला रोखायचे कसे? आम्ही वस्त्यांमध्ये काम करताना हे रोज पाहतो. माणसे अज्ञानामुळे गप्प बसतात असे आपण सहज म्हणतो, पण कितीतरी जण उपकाराच्या ओझ्याखाली गप्प असतात. ज्याने रेशनकार्ड करून दिले त्याच्याविरुद्ध मोर्चात कसे जायचे, हा प्रश्न खोटा नसतो.

मग हे मौन तुटले कसे? आम्हाला एकच एक कारण सापडत नाही.

सुरुवात घरातून झाली. पत्नी कोरेटा या युद्धविरोधात त्यांच्या आधीच्या. १९६२ साली त्या स्त्रियांच्या शांतता शिष्टमंडळातून जिनिव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेला गेल्या होत्या. किंग गप्प होते त्या काळातही त्या युद्धविरोधी सभांमध्ये बोलत होत्या. तिला हे तुम्ही शिकवले का, असे एका पत्रकाराने विचारले तेव्हा शिकवण उलट दिशेने झाली आहे, अशा अर्थाचे उत्तर किंग यांनी दिले. चळवळींच्या इतिहासात कोरेटांसारख्यांना बहुधा कुणाची तरी पत्नी एवढीच जागा मिळते. आपल्या चळवळीतही रमाईंच्या पलीकडच्या किती जणींची नावे आपण घेतो?

दुसरा धागा थेट आपल्याकडे येतो. मे १९६३ मध्ये दक्षिण व्हिएतनाममधल्या ह्यूए शहरात वैशाख पौर्णिमेला बौद्ध ध्वज लावायला सरकारने मनाई केली. आपल्या विहारांवर फडकतो तोच हा पंचरंगी ध्वज. विरोध करणाऱ्यांवर सैनिक चालून गेले आणि माणसे मेली. पुढच्या महिन्यात, ११ जूनला, सायगॉनच्या भर चौकात भिक्खू थिच क्वांग डुक यांनी स्वतःला जाळून घेतले. ते छायाचित्र जगभर गेले, पण अमेरिकेतल्या बहुतेकांना त्याचा अर्थ लागला नाही. १ जून १९६५ रोजी थिच न्हात हान या तरुण व्हिएतनामी भिक्खूंनी किंग यांना पत्र लिहून तो समजावला. ही आत्महत्या नव्हती, आपल्या लोकांचे दुःख जगाला ऐकू जावे म्हणून केलेले ते कृत्य होते, असे त्यांनी लिहिले. माणूस हा शत्रू नाही, माणसाच्या मनातला द्वेष, लोभ आणि असहिष्णुता हे शत्रू आहेत, हेही सांगितले. वर्णद्वेषाविरुद्ध लढणाऱ्या किंग यांना हे परके वाटण्याचे कारणच नव्हते. १९६६ मध्ये दोघे शिकागोत भेटले आणि पत्रकारांसमोर एकत्र बसले. जानेवारी १९६७ मध्ये किंग यांनी शांततेच्या नोबेलसाठी या भिक्खूंचे नाव सुचवले. त्या वर्षी ते पारितोषिक कुणालाच दिले गेले नाही. थिच न्हात हान यांना मात्र मायदेशाची दारे बंद झाली ती थेट २००५ पर्यंत.

युद्ध परदेशात असते तोवर नकाशावरचे असते. तिकडचा एक माणूस समोर येऊन बसला की ते तसे राहत नाही.

आणि मग हिशोब. कृष्णवर्णीय अमेरिकेच्या लोकसंख्येत सुमारे अकरा टक्के होते, पण युद्धाच्या पहिल्या वर्षांत लढताना मेलेल्यांत त्यांचे प्रमाण सुमारे वीस टक्के होते. भरती सक्तीची होती, मात्र कॉलेजात शिकणाऱ्याला सूट मिळे. कॉलेजात कोण जात होते आणि कोण जाऊ शकत नव्हते, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. पैशाचा हिशोब किंग स्वतः सभांमधून मांडत: व्हिएतनाममध्ये शत्रूचा एक सैनिक मारायला सरकार सुमारे ३ लाख २२ हजार डॉलर खर्च करते आणि गरिबीविरुद्धच्या कार्यक्रमात एका गरिबामागे जेमतेम ५३ डॉलर. ज्या योजनांसाठी जॉन्सन यांच्याशी सांभाळून वागायचे, त्या योजनांचाच पैसा युद्ध खात होते. हे दिसल्यावर उपकाराचे ओझे हलके झाले असावे.

तरुण त्यांच्या आधीच पुढे गेले होते, हेही नोंदवले पाहिजे. ३ जानेवारी १९६६ रोजी अलाबामातल्या टस्कीगी गावी सॅमी यंग या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याला पेट्रोल पंपावर गोळी घातली गेली, गोऱ्यांसाठी राखीव शौचालयाच्या वादातून. सॅमी नौदलात नोकरी करून आलेला होता. देशाच्या गणवेशात चालतो, पण देशातल्या शौचालयात चालत नाही. पलटणीत नोकरी करून आलेल्या आपल्या पूर्वजांनाही गावच्या पाणवठ्यावर हेच ऐकावे लागले होते. तीनच दिवसांनी विद्यार्थ्यांच्या एसएनसीसी या संघटनेने युद्धाविरुद्ध निवेदन काढले. त्याला पाठिंबा दिला म्हणून ज्युलियन बाँड या निवडून आलेल्या तरुण आमदाराला जॉर्जियाच्या विधानसभेने जागा नाकारली. अखेर सर्वोच्च न्यायालयाने ती मिळवून दिली. उत्तरेकडच्या शहरांतली पोरे किंग यांना वेगळाच सवाल करत होती. दंगल करू नका, हिंसेने प्रश्न सुटत नाहीत, असे हे सांगायला गेले की पोरे विचारत, मग सरकार व्हिएतनाममध्ये काय करते आहे? त्याला उत्तर नव्हते.

जानेवारी १९६७ मध्ये जमैकाला पुस्तक लिहायला जाताना त्यांनी एक मासिक उघडले. त्यात नापामने भाजलेल्या व्हिएतनामी मुलांची छायाचित्रे होती. समोरचे जेवण त्यांनी बाजूला सारले, असे सोबतच्या सहकाऱ्याने नंतर सांगितले. त्यानंतर ते मागे सरले नाहीत.

४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये सुमारे तीन हजार लोकांसमोर ते बोलले. भाषणाचा मसुदा बऱ्याच अंशी त्यांचे मित्र, इतिहासकार व्हिन्सेंट हार्डिंग यांनी तयार केला होता. आपण उशीर केला हे त्यांनी कबूल केले. गरिबांच्या योजना, गरिबांची पोरे आणि वस्तीतल्या तरुणांचा तो बिनउत्तराचा सवाल, ही सगळी कारणे त्यांनी मांडली. मायदेशात एका शाळेत बसू न शकणारी काळी आणि गोरी पोरे तिकडे गरिबांची झोपडी मात्र एकजुटीने जाळतात, हेही सांगितले. आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. त्यांनी व्हिएतनामचा इतिहास व्हिएतनामी शेतकऱ्याच्या बाजूने सांगितला: १९४५ चे स्वातंत्र्य, फ्रेंचांनी पुन्हा केलेला कब्जा, त्या कब्जाला अमेरिकेने पुरवलेला पैसा. शत्रू आपल्याकडे कसा पाहतो ते ऐकायला ते आपल्या देशबांधवांना सांगत होते, आणि युद्ध चालू असताना याहून न आवडणारी मागणी दुसरी नसते.

किंमत लगेच मोजावी लागली. न्यूयॉर्क टाइम्स आणि वॉशिंग्टन पोस्ट, दोन्ही वृत्तपत्रांनी अग्रलेखांतून झोडपले. दोन वेगळे प्रश्न एकत्र करून तुम्ही दोन्हींचे नुकसान करता, हा पहिल्याचा मुद्दा. एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या जुन्या संघटनेने सहाच दिवसांत ठराव करून दोन्ही चळवळी एकत्र करायला विरोध नोंदवला. राल्फ बंच हे किंग यांच्या आधी नोबेल मिळवलेले कृष्णवर्णीय मुत्सद्दी, तेही विरोधात गेले. व्हाइट हाउसचे दार बंद झाले, देणग्या आटल्या. एफबीआयची पाळत तर आधीपासूनच होती. आज सगळे ज्यांचे फोटो लावतात त्या किंग यांच्याबद्दल १९६६ च्या गॅलप पाहणीतच जवळपास दोन तृतीयांश अमेरिकनांचे मत वाईट होते, आणि रिव्हरसाइडचे भाषण त्यानंतरचे आहे. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण समाजमाध्यमांवर चार शिव्या पडल्या की आपली पोरे पोस्ट काढून टाकतात.

पण ते घरचे प्रश्न सोडून गेले नाहीत. १९६८ च्या सुरुवातीला ते सगळ्या वर्णांच्या गरिबांना घेऊन राजधानीत तळ ठोकायची तयारी करत होते. फेब्रुवारीत मेम्फिस शहरात पावसापासून आडोसा घेतलेले दोन कृष्णवर्णीय सफाई कामगार कचरा दाबणाऱ्या गाडीत चिरडून मेले, आणि सुमारे तेराशे कामगार संपावर गेले. सहकाऱ्यांना हा फाटा नको होता. किंग गेले. कचऱ्याच्या गाडीत माणूस मरणे म्हणजे काय, हे मॅनहोलमध्ये उतरणारी माणसे ज्या समाजांत आहेत त्यांना ठाऊक आहे.

रिव्हरसाइडच्या भाषणाला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, ४ एप्रिल १९६८ रोजी, मेम्फिसच्या लॉरेन मोटेलच्या सज्जात त्यांना गोळी घालण्यात आली. वय ३९. बारा दिवसांनी शहर प्रशासनाने कामगारांच्या संघटनेला मान्यता दिली. युद्ध मात्र आणखी सात वर्षे चालले.

२७ एप्रिलला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये युद्धविरोधी सभा ठरलेली होती आणि किंग तिथे बोलणार होते. त्यांच्या खिशात काही टिपणे सापडली होती, व्हिएतनामबद्दलची. नवरा जाऊन तीन आठवडे झाले होते, घरी चार मुले होती. कोरेटा सभेला गेल्या आणि ती टिपणे त्यांनी लोकांना वाचून दाखवली.