स्वयंपाकघरातले पान

बंगालमधील पाबना जिल्ह्यातील पोताजिया गावी 1810 च्या सुमारास राससुंदरी देवींचा जन्म झाला. घरच्या शाळेत मुलगे शिकत, त्या जवळ बसून ऐकत. तेवढ्यावरच अक्षरओळख झाली. बाराव्या वर्षी लग्न झाले. शिकलेली स्त्री विधवा होते, असा तेव्हाचा समज. पुढे बारा मुले, मोठे घर, दोन्ही वेळचा स्वयंपाक. कधी कधी तर दिवसभर जेवायलाही सवड मिळत नसे.

तरीही 'चैतन्य भागवत' स्वतः वाचावे ही ओढ त्यांना लागली. पंचविशीच्या सुमारास त्यांनी त्या पोथीचे एक पान काढून स्वयंपाकघरात लपविले. मुलगा अक्षरे गिरवीत असे ते ताडपत्रही मिळविले. दोन्ही ताडून पाहत, लहानपणची अक्षरे आठवीत, त्या चोरून वाचायला शिकल्या. लिहिणे मात्र फार उशिरा आले, तेही शिकायला दूर गेलेल्या मुलाने पत्रांची उत्तरे मागितली म्हणून. त्याच हाताने त्यांनी 'आमार जीवन' हे आत्मचरित्र लिहिले. बंगालीतील अगदी आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. माझी पुस्तके आई पदराने पुसून फळीवर ठेवते, उघडीत नाही. राससुंदरी देवींना मुलाच्या ताडपत्राचा आधार मिळाला, पण तो त्यांना लपून घ्यावा लागला. आमच्या घरी लपविण्यासारखे काही नाही. या सुट्टीत आईला शेजारी बसवून पहिले पान उघडायचे, असे मी ठरविले आहे.