सालदारीच्या बेड्या तोडणारे अंबरसिंग महाराज

तापीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या शहादा-तळोदा परिसरातील जमीन काळी व कसदार आहे. ती पूर्वापार कसणारे अनेक भिल्ल आदिवासी कर्ज, गहाणखते आणि फसव्या कागदपत्रांमुळे भूमिहीन झाले व बड्या शेतकऱ्यांकडे सालदार म्हणून राबू लागले. सालदार म्हणजे वर्षाच्या कराराने बांधलेला शेतगडी. त्याच्या कामाला दिवस-रात्रीची मर्यादा नव्हती. मालकाच्या गोठ्यातील शेण काढायला त्याच्या पत्नीलाही जावे लागे. उचल फिटली नाही, की पुढचे सालही त्याच मालकाकडे काढणे भाग पडे. राज्यघटनेच्या 23व्या कलमाने 1950 मध्येच वेठबिगारीला मनाई केली होती. पण ते कलम या शिवारापर्यंत पोहोचले नव्हते.

या व्यवस्थेविरुद्ध आदिवासींना उभे करणारे अंबरसिंग सुरतवंती हे शहादा तालुक्यातील पाडळद्याचे भिल्ल तरुण. तळोदा तालुक्यातील मोरवड येथे गुलाम महाराजांनी 1930 च्या दशकात भजन आणि दारूबंदीची चळवळ सुरू केली होती. त्या भागात भजनाची परंपरा रुजलेली होती. अंबरसिंगही गावोगावी भजने करीत. त्यामुळे लोक त्यांना महाराज म्हणू लागले. सर्वोदयी विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. भजनासाठी जमलेल्या मंडळींशी ते मजुरी, दारू आणि गेलेल्या जमिनींविषयी बोलत. आदिवासी स्त्रियांवरील अत्याचारांविरुद्धही त्यांनी आवाज उठवला.

मे 1971 मध्ये शहादा तालुक्यातील पाटीलवाडी येथे आदिवासींवर गोळीबार झाला आणि त्यात बळी गेला. या घटनेने महाराष्ट्र हादरला. सर्वोदयी कार्यकर्त्यांबरोबरच पुण्या-मुंबईचे डाव्या विचारांचे तरुण शहाद्यात आले. मालकांच्या मनपरिवर्तनाची वाट पाहावी की मजुरांचा लढा उभारावा, असा प्रश्न अंबरसिंगांपुढे होता. त्यांनी लढ्याचा मार्ग पत्करला आणि बाहेरून आलेल्या तरुणांना आदिवासींचा विश्वास मिळवून दिला. जानेवारी 1972 मध्ये शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना स्थापन झाली.

बळकावलेल्या जमिनी परत मिळाव्यात, सालदारांच्या कामाचे तास व मजुरी ठरावी आणि मजुरांना दंड करणाऱ्या पीक संरक्षण सोसायट्या बंद व्हाव्यात, अशा मागण्या पुढे आल्या. 1972 च्या दुष्काळात रोजगाराच्या मागणीची त्यात भर पडली. संघटनेच्या शिबिरांतून बोलू लागलेल्या आदिवासी स्त्रियांनी गावातील दारूची मडकी फोडली. मालकासमोर मान खाली घालणारा सालदार संपावर जाऊ लागला.

अंबरसिंगांना मात्र दीर्घायुष्य लाभले नाही. 1974 मध्ये तरुण वयातच त्यांचे निधन झाले. वेठबिगारी नष्ट करणारा केंद्रीय कायदा 1976 मध्ये संमत झाला. तो पाहण्यास ते नव्हते. तथापि कायदा येण्यापूर्वीच आपण कोणाचे बांधील नाही, हे शहादा-तळोद्यातील सालदाराला त्यांनी शिकवले होते. घटनेतील कलम शिवारापर्यंत नेण्याचे काम या भजनी कार्यकर्त्याने केले, हेच त्यांचे मोठेपण होय.