फादर थॉमस स्टीफन्स आणि एका भाविकाचे मागणे



राखेच्या बुधवारी मिस्सा संपल्यावर आपल्या चर्चमधील एका गृहस्थांनी मला दारातच थांबवले. प्रायश्चित्तकाळात मांसाहार बंद, शुक्रवारी क्रूसाची वाट, हे सर्व त्यांच्या घरी ठरले होते. पण रात्री जेवणानंतर घरातील सर्वांनी मिळून वाचावे असे एखादे पुस्तक सांगा, असे त्यांचे म्हणणे होते. मी घाईत होतो. पुढच्या मिस्साची वेळ झाली होती. बायबल वाचा, इतके बोलून मी आत निघून गेलो. उत्तर चुकीचे नव्हते. परंतु त्यांच्या घरी बायबल आहे आणि ते उघडले जाते, हे मला ठाऊक होते. त्यांना त्याच्या जोडीला, आजीपासून नातवापर्यंत सर्वांना कळेल असे काहीतरी हवे होते आणि ते मी ऐकूनच घेतले नाही.

रात्री मला फादर थॉमस स्टीफन्स आठवले. जवळजवळ हेच मागणे चारशे वर्षांपूर्वी त्यांच्यापुढे आले होते. त्यांनी दिलेले उत्तर सुमारे अकरा हजार ओव्यांचे झाले. त्यालाच आपण ख्रिस्तपुराण म्हणतो. शाळेत मराठीच्या तासाला ह्या ग्रंथाचे नाव बहुतेकांनी ऐकले असेल, मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातल्या ओव्याही कानावर आल्या असतील. पण तो लिहिणारा माणूस कोण होता आणि त्याने तो का लिहिला, हे आपल्यापैकी थोड्यांनाच माहीत असते. मलाही सेमिनरीत तत्त्वज्ञानाची पदवी घेईपर्यंत नीट माहीत नव्हते. अॅरिस्टॉटल आणि संत थॉमस अक्वायनस पाठ झाले होते, पण आपल्याच मराठीतला हा थॉमस राहून गेला होता.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात बुश्टन ह्या गावी झाला. तो काळ इंग्लंडमधील कॅथलिकांसाठी फार कठीण होता. राणी एलिझाबेथच्या राज्यात मिस्सा अर्पण करणे गुन्हा होता. कॅथलिक पुस्तके परदेशात छापून चोरून आणावी लागत आणि लपवून वाचावी लागत. तरुण स्टीफन्सची मैत्री टॉमस पाउंड नावाच्या एका श्रीमंत माणसाशी जुळली. पाउंड पूर्वी राणीच्या दरबारात होते, पुढे ते सर्व सोडून श्रद्धेकडे वळले. दोघे वेष पालटून देशभर हिंडत. लोकांपुढे स्टीफन्स पाउंड यांचे नोकर म्हणून वावरत. रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश घ्यायचा, असे दोघांनी ठरवले होते. पण निघण्याच्या बेतात असतानाच पाउंड पकडले गेले आणि पुढची सुमारे तीस वर्षे त्यांची वेगवेगळ्या तुरुंगांत गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि २० ऑक्टोबर १५७५ रोजी येशूसंघात दाखल झाले. मागे राहिलेल्या मित्राला ते विसरले नाहीत. त्यांनी वरिष्ठांना पाउंड यांची सारी हकिकत लिहून दिली, आणि तुरुंगात असलेल्या त्या माणसालाही संघात घेतल्याचे पत्र मिळाले.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून त्यांचे जहाज निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्याला लागले. साडेसहा महिन्यांहून अधिक काळ समुद्रावर, वाटेत आजारपण आणि मृत्यू. गोव्याला पोहोचताच त्यांनी वडिलांना लिहिलेले पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापले गेले. भारतात आलेला पहिला इंग्रज म्हणून इतिहासाची पुस्तके त्यांचे नाव घेतात. त्या पत्राने इंग्रज व्यापाऱ्यांचे लक्ष हिंदुस्थानकडे वेधले, असेही म्हणतात. त्यांच्यामागून त्या देशातून आलेल्यांनी येथे काय केले ते आपण जाणतोच. हा पहिला इंग्रज मात्र येथे राहिला तो मरेपर्यंत, आणि आपल्या भाषेचा विद्यार्थी होऊन.

गोव्यात त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि साष्टी भागात त्यांची नेमणूक झाली. मडगाव, रायतूर आणि आसपासची गावे, हेच त्यांचे कार्यक्षेत्र. एकदोन नेमणुका सोडल्या तर सुमारे चाळीस वर्षे त्यांनी तेथेच काढली. आजकाल पाच-सहा वर्षांत आम्हां धर्मगुरूंची बदली होते, आणि नव्या ठिकाणच्या लोकांची नावे पाठ होतात न होतात तोच निघायची वेळ येते. चाळीस वर्षांत माणूस त्या मातीचाच होऊन जातो.

पण ती माती शांत नव्हती. पोर्तुगीज सत्तेने तेथील देवळे पाडली होती. लोकांचे पुराणग्रंथ जप्त करून नष्ट केले जात होते. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे संतापलेल्या गावकऱ्यांनी फादर रुडॉल्फ अक्वाविवा आणि त्यांच्या चार येशूसंघीय सोबत्यांना ठार मारले. त्यांचे मृतदेह मिळवून त्यांना मूठमाती देण्याच्या कामात स्टीफन्स होते. त्यानंतर पोर्तुगीजांनी गावातील पुढाऱ्यांना बोलावून घेऊन मारले. आपण त्या पाच जणांना धन्य म्हणून मान देतो, तो योग्यच आहे. परंतु त्या वेळी त्या गावाने काय काय गमावले तेही आपण ख्रिस्ती लोकांनी लपवू नये, असे मला वाटते.

ज्या देशात कॅथलिकांची पुस्तके काढून घेतली जात, तेथून हा माणूस निघाला आणि जेथे कॅथलिकांच्या नावाने दुसऱ्यांची पुस्तके काढून घेतली जात, तेथे येऊन पोहोचला. ह्या गोष्टीचा त्यांनी कधी उघड निषेध केल्याचे दिसत नाही. जुनी पुराणे खोटी आहेत असेच तेही मानत. ते त्यांच्या काळाचेच होते. मात्र पुस्तक हिरावून घेतलेल्या माणसाच्या घरात काय रिकामे होते, हे त्यांना कळले. साष्टीत ते सर्वांनाच कळले असते तर आपला इतिहास थोडा वेगळा झाला असता.

ख्रिस्तपुराणाच्या सुरुवातीलाच ही हकिकत येते. चर्चमध्ये धर्मशिक्षण चालू आहे. एक नवख्रिस्ती ब्राह्मण उठतो आणि धर्मगुरूंपुढे अगदी नम्रपणे आपले म्हणणे मांडतो. तुम्ही शिकवलेली तत्त्वे आम्ही शिकलो, पण पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत. आता त्यांच्या जागी आम्हांला दुसरे पुराण का देत नाही, असे त्याचे मागणे. त्या माणसाची अडचण आपण नीट समजून घेऊ या. त्याचा बाप्तिस्मा झाला होता. त्याला धर्मतत्त्वे तोंडपाठ होती. रविवारी तो मिस्साला जात होता, पण तो मिस्सा लॅटिनमध्ये होता. मराठीतून मिस्सा होण्यास दुसरी व्हॅटिकन महासभा, म्हणजे १९६२ नंतरचा काळ उजाडावा लागला. आणि संध्याकाळी घरी आल्यावर, जेथे पूर्वी कोणीतरी पोथी वाचत असे आणि बायका-मुले ऐकत असत, तेथे आता काहीच नव्हते. धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे काही कोणी रात्री दिव्याजवळ बसून आवडीने वाचत नाही.

स्टीफन्स यांनी हे मागणे मनावर घेतले. त्यांना कोकणी तर येत होतीच. कोकणीचे पहिले छापील व्याकरण त्यांचेच. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये फादर दियोगु रिबेरु यांनी घातलेल्या भरीसह छापले गेले. त्यांचे कोकणी धर्मशिक्षणाचे पुस्तकही मृत्यूनंतरच, १६२२ मध्ये निघाले. परंतु गोव्यात पोथी म्हटली की ती मराठीत असे. म्हणून त्यांनी मराठी घेतली, तीत साष्टीच्या लोकांना सोपे जाईल असे त्यांच्या बोलीतले शब्द मिसळले आणि वृत्त निवडले ते ज्ञानेश्वर-एकनाथांचे, ओवी. एकनाथमहाराज १५९९ मध्ये पैठणला निवर्तले, तेव्हा स्टीफन्स यांना साष्टीत येऊन वीस वर्षे झाली होती. म्हणजे हे दोघे एकाच काळातले.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात जगाच्या निर्मितीपासून जुन्या कराराची कथा ३६ अवस्वरांत, म्हणजे अध्यायांत सांगितली आहे. दुसऱ्यात ५९ अवस्वरांत प्रभू येशूचे जन्मापासूनचे चरित्र, त्याचे दुःखसहन आणि पुनरुत्थान. त्यात स्वर्गाला वैकुंठ म्हटले आहे. हे पाहून आपल्यातले काही जण आजही दचकतात. ऐकणाऱ्याच्या मनात त्या अर्थासाठी जो शब्द तयार होता तो त्यांनी घेतला, इतकेच.

छापण्याची अडचण वेगळीच होती. केरळात १५७८ मध्येच तमिळ लिपीत ख्रिस्ती पुस्तक छापले गेले होते. आपल्याकडेही लोकांच्या लिपीत पुस्तके व्हावीत, अशी स्टीफन्स यांची फार इच्छा होती. १६०८ मध्ये त्यांनी रोमला वरिष्ठांना पत्र लिहून ती कळवली. आपल्या अक्षरांसाठी, जोडाक्षरे धरून, सुमारे ६०० साचे लागतील आणि युरोपात दोन डझनांत काम भागते, हीच मुख्य अडचण होती. साचे काही झाले नाहीत. शेवटी १६१६ मध्ये रायतूरच्या येशूसंघीय विद्यालयात ख्रिस्तपुराण रोमी अक्षरांत छापले गेले. तेव्हा स्टीफन्स पासष्टी ओलांडलेले होते. तीन वर्षांनी, १६१९ मध्ये ते गोव्यातच मरण पावले.

ग्रंथ मात्र लोकांनी उचलून धरला. चर्चमध्ये रविवारी व सणांना मिस्सानंतर तो वाचला जाऊ लागला. लॅटिन मिस्सा ऐकून झाल्यावर लोक थांबत आणि आपल्या भाषेत प्रभूची कथा ऐकत. १६४९ आणि १६५४ मध्ये तो पुन्हा छापावा लागला. पुढे वारे फिरले. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. देशी भाषेतली पुस्तके, ख्रिस्ती असली तरी, नकोशी झाली. ह्या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकाही छापील प्रतीचा आज पत्ता नाही.

मग ख्रिस्तपुराण आपल्यापर्यंत आले कसे? घरांमुळे. लोकांनी ते हाताने उतरवून घेतले होते. गोवा सोडून कानडा मुलखात, मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी अशा वह्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. त्या हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला ग्रंथ पुन्हा छापला. लंडनच्या मार्सडेन संग्रहात एक देवनागरी हस्तलिखितही सापडले. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली, १९९६ मध्ये फादर कारिदाद द्रागो यांची आली आणि २००९ मध्ये सलेशियन फादर नेल्सन फाल्काव यांनी आजच्या मराठीतील गद्य अनुवादासह ग्रंथ प्रसिद्ध केला. अकरा हजार ओव्या बोरूने उतरवून काढायच्या म्हणजे केवढे काम! ते कोणी केले त्यांची नावे बहुधा कोठेही नाहीत. एखाद्या आजोबांनी दिवसभर शेतात राबून रात्री दोन-चार पाने लिहिली असतील.

आपल्या नवी मुंबईत तसे कष्ट कोणालाच नाहीत. बायबल मोबाइलवर आहे, संतचरित्रे आहेत, वसईहून निघालेली कितीतरी मराठी ख्रिस्ती पुस्तके आहेत. आपली अडचण निराळी आहे. घर आशीर्वादित करायला जातो तेव्हा मला दिसते की शोकेसमध्ये बायबल आहे, आजीचे मराठी प्रार्थनापुस्तक आहे, आणि नातवंडांना मराठी बोलता येते पण वाचता येत नाही. आजीला वाचता येते, पण आता डोळ्यांना दिसत नाही. साष्टीतल्या त्या घरात पुस्तक नव्हते. आपल्या घरात पुस्तक आहे आणि वाचणारा नाही.

ज्या गृहस्थांना मी दारात तसेच सोडून आलो होतो त्यांना मी परवा फोन केला. चर्चच्या ऑफिसातील कपाटात फादर फाल्काव यांच्या आवृत्तीची एक प्रत आहे, ती त्यांनी नेली आहे. त्यांनी दुसऱ्या पुराणाच्या शेवटच्या भागापासून, प्रभूच्या दुःखसहनापासून सुरुवात करावी असे मी सुचवले, कारण काळ तोच आहे. ओव्या अवघड वाटल्या तर समोरचे गद्य वाचावे, लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही. एकूण ९५ अवस्वर आहेत. आठवड्याला दोन वाचले तर वर्षाच्या आत सारा ग्रंथ होतो.

प्रत पास्काच्या सणानंतर परत येईल. तोवर आणखी दोन प्रती मागवण्याचे धर्मग्राम मंडळाने मान्य केले आहे. ज्यांना हव्या असतील त्यांनी ऑफिसात वहीत नाव लिहून ठेवावे. आणि ज्यांच्या घरी वाचणारे कोणी नाही, त्यांच्यासाठी येत्या रविवारपासून मराठी मिस्सानंतर वीस मिनिटे आपण चर्चमध्येच वाचणार आहोत. सुरुवातीला मी वाचेन. पुढे आपल्यापैकी ज्यांचा आवाज चांगला आहे त्यांनी पुढे यावे. बसायला पुढचे बाक घ्या, मागे पंख्याचा आवाज फार होतो.

तुमचा ख्रिस्तात,
प्रमुख धर्मगुरू