सोलापूरचा शोमरोनी : डॉ. द्वारकानाथ कोटणीस



आपले पुणे जसे विद्येचे तसे लष्कराचेही शहर आहे. वानवडीला सैन्यदलांचे वैद्यकीय महाविद्यालय १९४८ पासून उभे आहे. तेथून शिकून बाहेर पडलेले डॉक्टर सीमेवर जखमी जवानांची सेवा करतात. अशा डॉक्टरांचा विचार मनात आला की मला हटकून आठवतो तो आपल्या सोलापूरचा एक शल्यविशारद. त्याने भारतीय सैन्याचा गणवेश कधी घातला नाही. परदेशातल्या, परक्या भाषेच्या सैनिकांसाठी त्याने आपले हात आणि आपले आयुष्य वाहिले. त्याचे नाव डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. ९ डिसेंबर हा त्यांचा स्मृतिदिन. तो आगमनकाळात येतो. म्हणून ही जीवनकथा.

द्वारकानाथ यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे एका मध्यमवर्गीय, मोठ्या कुटुंबात झाला. घरी भावंडे बरीच, मिळकत बेताची. अशा घरातला हुशार मुलगा डॉक्टर होतो तेव्हा साऱ्या घराच्या आशा त्याच्यावर खिळलेल्या असतात, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. त्यांनी मुंबईत परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजमधून वैद्यकीचे शिक्षण घेतले. पुढच्या परीक्षांची तयारी सुरू होती. दवाखाना, लग्न, घराला हातभार, अशी सरळ वाट समोर होती.

याच सुमारास चीनमध्ये आग भडकली होती. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. डिसेंबरात नानकिंग पडले आणि तेथे भयंकर कत्तल झाली. जखमींना डॉक्टर नव्हते, औषधे नव्हती. चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय मदतीची मागणी केली. त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी १९३८ च्या जून महिन्यात देशाला आवाहन केले. देश स्वतः पारतंत्र्यात होता, तरी लोकांनी निधी जमवला आणि पाच डॉक्टरांचे पथक तयार झाले. पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि पाचवे आपले डॉ. कोटणीस. वय अवघे सत्तावीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी त्यांचे जहाज मुंबईच्या किनाऱ्यावरून निघाले. त्यानंतर कोटणीसांनी मायदेश पुन्हा पाहिला नाही.

पथक कँटनला उतरले आणि युद्धाच्या धामधुमीत एका शहरातून दुसऱ्या शहराकडे सरकत फेब्रुवारी १९३९ मध्ये येनानला पोहोचले. येनान हे कम्युनिस्टांचे मुख्य ठाणे. खुद्द माओ त्से तुंग यांनी त्यांचे स्वागत केले. डोंगरात कोरलेल्या गुहांमध्ये तेथील इस्पितळे होती. पुढे काही सहकारी मायदेशी परतले. मोहीम फार काळ चालायची नव्हतीच. कोटणीसही परतले असते तरी त्यांना कोणी नावे ठेवली नसती.

त्याच काळात सोलापूरहून वडिलांच्या निधनाची बातमी आली. मुलाने घरी यावे असे कोणालाही वाटेल. कोटणीस गेले नाहीत. ते युद्धाच्या आघाडीकडे निघाले.

उत्तर चीनच्या त्या डोंगराळ भागात त्यांच्याआधी एक कॅनेडियन शल्यविशारद काम करून गेला होता. डॉ. नॉर्मन बेथून. ते एका प्रेस्बिटेरियन पाळकाचे पुत्र, स्वतः मात्र कम्युनिस्ट. जखमी सैनिकाने डॉक्टरपर्यंत येण्याची वाट न पाहता डॉक्टरनेच लढाईच्या जवळ जावे, हा त्यांचा आग्रह. कारण पोटात वा मांडीत गोळी लागलेल्या माणसाचे जगणे-मरणे काही तासांवर अवलंबून असते. रक्त वाहून जाते, जखमेत विष चढते. उशिरा झालेली उत्तम शस्त्रक्रियाही मग व्यर्थ ठरते. शस्त्रक्रिया करताना बेथून यांच्या बोटाला जखम झाली, तिच्यात जंतुसंसर्ग होऊन ते १२ नोव्हेंबर १९३९ रोजी मरण पावले. आज ज्या संसर्गावर आपण गोळ्या घेतो, त्यानेच हा मोठा डॉक्टर गेला.

बेथून यांची रिकामी जागा कोटणीसांनी भरून काढली. १९४० मध्ये झालेल्या एका दीर्घ लढाईत त्यांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले. एकदा तर सलग बहात्तर तास, न झोपता, ते शस्त्रक्रिया करीत राहिले. जपानी वेढ्यामुळे औषधांचा तुटवडा होता. शत्रू जवळ आला की इस्पितळ गुंडाळून दुसऱ्या गावी न्यावे लागे. १९४१ च्या जानेवारीत बेथून यांच्या नावाने चाललेल्या आंतरराष्ट्रीय शांतता इस्पितळाचे ते संचालक झाले.

ते चिनी भाषा शिकले. तीही जुजबी नव्हे. चिनी विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत ते शल्यशास्त्र शिकवू लागले आणि त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तक लिहू लागले. आपल्या नावाच्या चिनी रूपात त्यांनी चीन या अर्थाचे अक्षर जोडले. १९४१ मध्ये तेथील वैद्यकीय विद्यालयात परिचर्या शिकवणाऱ्या गुओ चिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

पण अतिश्रमाने शरीर खचले होते. त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले. उपचारासाठी आघाडीपासून दूर जावे असा सल्ला मिळाला, तो त्यांनी मानला नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी झटक्यांतच त्यांचे देहावसान झाले. वय बत्तीस. बाळ साडेतीन महिन्यांचे. शल्यशास्त्रावरचे दुसरे पुस्तक अर्धवट राहिले.

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो. १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर हिंदी चित्रपट काढला; आपल्या वडीलधाऱ्यांना तो आठवत असेल. मुलगा यिनहुआ वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच १९६७ मध्ये वारला. पत्नी चिंगलान अनेकदा भारतात येऊन सासरच्या माणसांना भेटल्या व २०१२ मध्ये निवर्तल्या. चीनमध्ये शिजियाझुआंग येथील हुतात्मा उद्यानात कोटणीसांची समाधी आहे, बेथून यांचीही तेथेच. सोलापुरात त्यांच्या जन्मघराचे स्मारक झाले आहे. १९६२ चे युद्ध झाले, २०२० मध्ये गलवान खोऱ्यात रक्त सांडले. तरीही या सोलापूरकराचे नाव चीनमध्ये आदराने घेतले जाते.

बंधुभगिनींनो, येथे काही जण विचारतील : फादर, हे तर ख्रिस्ती नव्हते, शिवाय जुलै १९४२ मध्ये कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. त्यांची कथा देवळाच्या पत्रिकेत कशाला? प्रश्न रास्त आहे आणि तो मी टाळणार नाही. त्याच युद्धात त्याच उत्तर चीनमध्ये फादर विन्सेंट लेब नावाचे बेल्जियममध्ये जन्मलेले कॅथलिक धर्मगुरू होते. त्यांनी चीनचे नागरिकत्व घेतले होते आणि आपल्या धर्मबंधूंना घेऊन ते रणभूमीवरून जखमींना स्ट्रेचरवर उचलून आणीत. १९४० मध्ये त्यांना कम्युनिस्ट सैन्याने पकडून काही आठवडे अटकेत ठेवले. सुटकेनंतर थोड्याच दिवसांत, २४ जून १९४० रोजी, त्यांनी देह ठेवला. पुढे चीनमधील ख्रिस्तसभेने फार सोसले, हेही खरे. कोटणीसांचा पक्ष आपला नव्हे.

पण माणूस त्याच्या पक्षाहून मोठा असतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये शिकवले की ज्यांना स्वतःचा दोष नसताना शुभवर्तमान कळले नाही, पण जे प्रामाणिक अंतःकरणाने विवेकबुद्धीला अनुसरून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकते. संत मत्तयच्या शुभवर्तमानातील अंतिम न्यायाच्या प्रसंगी नीतिमान लोक चकितच होतात. आपण केव्हा प्रभूची सेवा केली हे त्यांना ठाऊकच नसते. डॉ. कोटणीस त्या चकित झालेल्यांच्या रांगेत असतील, अशी माझी आशा आहे.

शोमरोनी माणसाच्या दाखल्याकडे पाहा. त्याने जखमा बांधल्या, जखमीला उताराशाळेत नेले आणि दुसऱ्या दिवशी पैसे देऊन तो आपल्या वाटेने गेला. तेवढेही फार होते. कोटणीस मात्र गेले नाहीत, ते स्वतःच उताराशाळेचे रखवालदार झाले. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक विचार मनात बसला : एका सत्कृत्याने माणूस सद्गुणी होत नाही, सवयीने होतो. जहाजात चढायला एका दिवसाचे धैर्य पुरते. राहायला रोजचे लागते.

आणि वडिलांचे काय? सोलापुरातील त्या माऊलीचा पती गेला, काही वर्षांत दूरदेशी पुत्रही गेला. या त्यागाची किंमत तिनेही मोजली, हे विसरून कोटणीसांचा गौरव करणे मला बरोबर वाटत नाही. पित्याला पुरून येण्याची मुभा मागणाऱ्या माणसाला प्रभू येशूने दिलेले उत्तर आजही आपल्याला टोचते. ते प्रत्येकाला लागू करण्याचा अधिकार मला नाही. आपल्या हिंजवडीत सोलापूर, नगर, वसई, मराठवाडा येथून नोकरीसाठी आलेली कुटुंबे आहेत. कोणाची मुले परदेशात आहेत. आईवडिलांच्या शेवटच्या क्षणी पोहोचता न आल्याची बोच अनेकांच्या मनात असते. त्यांना माझे सांगणे, देव तुमचे अंतःकरण जाणतो, ते ओझे त्याच्या चरणी ठेवा. पण ज्यांचे आईवडील हयात आहेत त्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारावा. मला येथे कोण अडवून धरले आहे? कोणाची तरी सेवा, की केवळ माझी सोय? कोटणीसांपाशी या प्रश्नाचे उत्तर होते. आपल्यापाशी नसेल, तर या नाताळात गावी जाऊन यावे.

या रविवारी पवित्र मिस्सामध्ये आपण सैन्यातील डॉक्टर व परिचारिकांसाठी, भारत आणि चीन या दोन देशांतील शांतीसाठी आणि डॉ. कोटणीस यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करू या.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू